नाव माहीत नाही, गाणं पाठ आहे

(मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यकारिणीचा निरोप असा होता, की विषय स्वीडनचा हवा. पण नोबेल नको, आयकिया नको आणि आब्बा तर मुळीच नको, कारण आब्बा दरवर्षी होतंच. म्हणून आज मॅक्स मार्टिन. मागच्या रांगेतली मुलं हसली, म्हणजे त्यांना नाव माहीत आहे. पुढच्या रांगेतले आईवडील माझ्याकडे बघतायत, "हे कोण बुवा?" अशा चेहऱ्याने.

तर मी काही गाण्यांची नावं घेतो. ब्रिटनी स्पिअर्सचं 'बेबी वन मोअर टाइम'. बॅकस्ट्रीट बॉईजचं 'आय वॉन्ट इट दॅट वे'. बॉन जोव्हीचं 'इट्स माय लाइफ'. केटी पेरीचं 'रोअर'. टेलर स्विफ्टचं 'शेक इट ऑफ'. द वीकेंडचं 'ब्लाइंडिंग लाइट्स'. यातलं एकही ऐकलं नाही असा माणूस या हॉलमध्ये नसेल. लग्नात नाचलो आहोत, गाडीत ऐकलं आहे, मुलांच्या वाढदिवसांना तर कान किटेपर्यंत ऐकलं आहे. ही सगळी गाणी लिहिण्यात एकाच माणसाचा हात आहे आणि तो माणूस इथला, स्टॉकहोमजवळचा आहे. अमेरिकेत बिलबोर्ड म्हणून गाण्यांची यादी निघते. तिच्यात पहिल्या नंबरवर गेलेली पंचवीसपेक्षा जास्त गाणी त्याच्या नावावर आहेत. गीतकारांत त्याच्या पुढे फक्त पॉल मॅकार्टनी, ३२ गाण्यांसह. जॉन लेनन मागे पडला.

खरं नाव कार्ल मार्टिन सँडबर्ग. जन्म २६ फेब्रुवारी १९७१. गाव स्टेनहाम्रा. ब्रोमाप्लानहून बस पकडायची, राजाचा द्रोत्निंगहोल्म महाल मागे टाकायचा आणि मेलारेन तळ्यातल्या बेटांवरून पुढे जात राहायचं, की हे गाव येतं. वडील पोलिसात. घरात कोणी गवई नाही, पैशाचा सुकाळ नाही. थोरल्या भावाकडे किस नावाच्या अमेरिकन रॉक बँडच्या कॅसेट होत्या. तोंडं रंगवून, उंच बूट घालून गाणारी ती मंडळी. धाकट्याला तेच दैवत.

आता इथे मी जरा थांबणार आहे, कारण मला जे सांगायचंय ते इथेच आहे. त्या पोराला संगीत शिकवलं कोणी? कोम्यूनने! एकेरो कोम्यूनच्या म्युझिकस्कूलने. आधी ती आपल्याकडच्या बासरीसारखी साधी रेकॉर्डर, मग फ्रेंच हॉर्न, पुढे ड्रम. हॉर्न का निवडला? दिसायला भारी वाटला म्हणून, असं त्याने नंतर सांगितलंय. मोठं झाल्यावर त्याने हेही सांगून ठेवलंय, की आपलं जे काही झालं त्याचं श्रेय या सरकारी संगीतशिक्षणाला आहे.

ही सोय आपल्यालाही आहे, मंडळी. आता तिला कुल्टूरस्कोला म्हणतात. फी कोम्यूनप्रमाणे बदलते, पण खाजगी क्लासच्या मानाने फारच कमी, आणि वाद्यही बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतं. रांग असते, हे खरं. व्हायोलिन आणि पियानोला तर चांगलीच असते. पण आपण अर्ज तरी करतो का? गणिताच्या जादा पुस्तकांसाठी भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत दोन किलो जागा राखून ठेवणारे आपण, कुल्टूरस्कोलाचा फॉर्म आला की "बघू पुढच्या वर्षी" म्हणतो. आणि ही सोय कायद्याने बंधनकारक नाही. कोम्यूनने ठरवलं तर ती आटवू शकते. वापरणारे आणि मागणारे असले तरच टिकते.

पुढचा भाग आईवडिलांनी जरा कान बंद करून ऐकावा. मुलाने हायस्कूल मध्येच सोडलं. का? तर 'इट्स अलाइव्ह' नावाच्या मेटल बँडमध्ये गायचं होतं. लांब केस, आरडाओरडा, रंगमंचावरचं नाव मार्टिन व्हाइट. बँडला शायरॉन या छोट्या कंपनीने घेतलं, अल्बम निघाला, पण चालला नाही. म्हणजे हिशेब काय? विशीतला मुलगा, डिग्री नाही, बँड आपटलेला. तुमच्या-माझ्या घरी काय वातावरण असतं, कल्पना करा. मी शाळा सोडण्याची जाहिरात करायला उभा नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. हा मुलगा पडला तेव्हा त्याच्या हातात काहीतरी होतं. त्याला सूर लिहिता-वाचता येत होते, तीन-चार वाद्यं कळत होती. आणि ते ओळखणारा माणूस त्याला भेटला.

तो माणूस म्हणजे डेनिझ पॉप. मूळ नाव डाग व्होल्ले. डिस्कोत रेकॉर्ड लावणारा डीजे. गंमत म्हणजे त्याला स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. पण लोकांचे पाय कधी हलतात आणि कधी थांबतात, हे त्याने रात्र-रात्र समोर पाहिलं होतं. एस ऑफ बेस या तेव्हाच्या अनोळखी बँडने त्याला कॅसेट पाठवली होती. ती म्हणे त्याच्या गाडीच्या टेपमध्ये अडकून बसली. निघेचना, म्हणून रोज तेच गाणं ऐकणं आलं. ऐकता ऐकता त्यात काय करता येईल ते त्याला सुचलं, आणि त्यातून १९९२ साली 'ऑल दॅट शी वॉन्ट्स' झालं. टेप नादुरुस्त असल्याचा एवढा फायदा दुसऱ्या कोणाला झाला नसेल.

डेनिझने कुंग्सहोल्मेनवरच्या आपल्या स्टुडिओत या मुलाला ठेवून घेतलं. शायरॉन हे ग्रीक पुराणातल्या एका अर्ध्या घोड्याचं, अर्ध्या माणसाचं नाव. मोठमोठ्या वीरांना शिकवणारा गुरू तो. आपल्या द्रोणाचार्यांसारखा म्हणा. नाव अगदी शोभलं, कारण मार्टिन तिथे दोन वर्षं अक्षरशः दिवसरात्र पडून होता. प्रोड्यूसर म्हणजे काय करतो, हेसुद्धा त्याला आधी ठाऊक नव्हतं. गुरूच्या घरी राहून शिकायची आपली जुनी पद्धत आठवा. फक्त तंबोऱ्याच्या जागी कॉम्प्युटर आणि मिक्सर. नावसुद्धा गुरूनेच ठेवलं. एका रेकॉर्डवर 'मॅक्स मार्टिन' असं छापून आलं, तेव्हा शिष्याला कळलं की आपण आता मॅक्स मार्टिन आहोत!

मग गाडी सुटली. रॉबिन, बॅकस्ट्रीट बॉईज. आणि १९९८ च्या वसंतात सोळा वर्षांची एक अमेरिकन मुलगी स्टॉकहोमला गाणं रेकॉर्ड करायला आली. गाणं आधी टीएलसी या बँडसाठी होतं, त्यांनी नको म्हटलं. ही ब्रिटनी स्पिअर्स. गाणं सप्टेंबरच्या अखेरीस बाजारात आलं आणि जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. डेनिझ पॉप मात्र ३० ऑगस्ट १९९८ ला पोटाच्या कॅन्सरने गेला होता. वय पस्तीस. गुरूच्या शाळेतलं सगळ्यात मोठं गाणं गुरू गेल्यानंतर महिन्याभराने आलं. २००० साली शायरॉन बंद झाला. पुढच्या वर्षी मॅक्सने मॅराटोन नावाची स्वतःची कंपनी काढली.

आता तो करतो काय, याबद्दल. त्याच्या पद्धतीला 'मेलॉडिक मॅथ' म्हणतात. मॅथ म्हटल्यावर काही पालकांचे चेहरे उजळले, मी पाहिलं! तर हे गणित असं. पहिल्या ओळीत जितकी अक्षरं, तितकीच तिच्या जोडीच्या ओळीत. एकही कमी-जास्त नाही. कडव्यात शब्दांची दाटी असेल, तर ध्रुवपदात सूर लांबवायचे. कडवं ठोक्यावर सुरू झालं, तर ध्रुवपद ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे. एका गाण्यात वेगवेगळ्या चाली तीन-चारच्या वर नकोत, कानाला लक्षात ठेवता आल्या पाहिजेत. आणि प्रिन्सकडून उचललेली एक युक्ती: कडव्याचीच चाल नव्या साजात ध्रुवपदाला वापरायची. ध्रुवपद आलं की वाटतं, हे तर आपण कधीपासून ओळखतो. ओळखणारच, मिनिटभरापूर्वी ऐकलेलं असतं. अक्षरगणवृत्तं घोटलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

त्याच्यावर मोठा आक्षेप आहे तो शब्दांचा. इंग्रजी त्याची मातृभाषा नाही. आधी चाल, मग तिच्या नादाला शोभेल असा शब्द. अर्थ जमला तर जमला. ब्रिटनीच्या त्या गाण्याच्या ध्रुवपदात एक क्रियापद आहे. त्याला म्हणायचं होतं "मला फोन कर" अशासारखं काहीतरी, पण अमेरिकन कानाला ते "मला मार" असं लागलं. म्हणून गाण्याच्या नावातून ते शब्द उडवले आणि जागी तीन टिंबं आली. 'आय वॉन्ट इट दॅट वे' मध्ये ते 'दॅट वे' म्हणजे नक्की कोणतं, हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. शब्द सुधारून अर्थ लागेल अशी दुसरी आवृत्तीही रेकॉर्ड झाली होती. पण बँडने पहिलीच ठेवली, कारण दुसरी समजत होती पण लागत नव्हती.

आता यावर नाक मुरडण्याआधी आपली जुनी संगीत नाटकांची पुस्तकं उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर "चाल अमुक तमुक" असं छापलेलं असतं. चाल आधी, शब्द नंतर. तिथे काही पदं अमर झाली आणि काहींचा अन्वय लावताना मास्तरही दमले. मला स्वतःला शब्दप्रधान गायकी आवडते, हे मान्य. मॅक्सची कित्येक गाणी माझ्या कानावरून पाण्यासारखी जातात. पण परक्या भाषेत काम करणारा माणूस त्या भाषेचा नाद जास्त बारकाईने ऐकतो, हे आपल्याला पटायला हरकत नाही. इथे स्वीडिश शिकताना आपण सगळ्यांनी तेच केलंय. अर्थ कळायच्या आधी चाल कळली.

मधली काही वर्षं त्याचा भाव उतरला. बॉय बँडची लाट ओसरली, शायरॉनची फॅशन जुनी झाली. अशा वेळी बरेच जण जुनंच दळण दळत बसतात. हा २००४ साली डॉक्टर ल्यूकबरोबर केली क्लार्कसनचं 'सिन्स यू बीन गॉन' घेऊन आला, आणि त्यात वाजणाऱ्या गिटारी सरळ त्या आपटलेल्या मेटल बँडमधून आल्यासारख्या आहेत. मग केटी पेरी, पिंक. २०१२ पासून टेलर स्विफ्ट, तेही शेलबॅक या तरुण सहकाऱ्याला बरोबर घेऊन. शेलबॅकही मूळचा मेटलवालाच! २०२४ च्या युरोप दौऱ्यात सवड मिळेल तशी टेलर स्विफ्ट स्वीडनला येत राहिली आणि तिचा २०२५ चा अल्बम या दोघांबरोबर इथेच तयार झाला.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. डेनिझने जे केलं, तेच हा पुढे करत आला. त्याच्याभोवतीची नावं बघा. इल्या सलमानझादे आणि अली पायामी, दोघेही इराणी वंशाचे स्वीडिश. सवन कोटेचा, टेक्ससमध्ये वाढलेला भारतीय वंशाचा मुलगा, गाणी लिहायला उलट इकडे स्टॉकहोमला आला. द वीकेंडच्या 'कान्ट फील माय फेस' वर मॅक्सच्या बरोबरीने अली आणि सवन दोघांचीही नावं आहेत. एका गाण्याला पाच-पाच गीतकार, हे काय कविता लिहिणं झालं, असं कोणी म्हणेल. कविता नव्हेच ती. सुताराच्या कारखान्यासारखं काम आहे. एक पाय बसवतो, दुसरा रंधा मारतो, आणि खुर्ची डगमगते का ते सगळे मिळून बसून बघतात.

एवढं करून हा स्वतः दिसत नाही. मुलाखती जवळजवळ नाहीत. २०१६ साली त्याला पोलर म्युझिक प्राइझ मिळालं, राजाच्या हस्ते. त्या वर्षी त्याच्याबरोबर होती ऑपेरा गायिका सेसिलिया बार्तोली. हेच पारितोषिक १९९८ साली आपल्या पंडित रविशंकरांना मिळालं होतं, तेव्हा ते काय वजनाचं आहे हे वेगळं सांगायला नको.

आणि त्या अर्थ नसलेल्या शब्दांचं पुढे काय झालं, तेही ऐका. २०१९ साली इंग्लंडमध्ये 'अँड ज्युलिएट' नावाचं संगीत नाटक आलं, २०२२ मध्ये ब्रॉडवेवर गेलं. रोमिओ मेल्यावर ज्युलिएट मेलीच नाही तर काय, असं कथानक, आणि गाणी मॅक्स मार्टिनची. ज्युलिएट शुद्धीवर येते, शेजारी रोमिओ मरून पडलेला, आणि ती गाते ब्रिटनीचं तेच गाणं. वीस वर्षं ज्याची टिंगल झाली, ते शब्द तिथे चपखल बसतात.

बरं, बोलणं पुरे. आता रॉबिनचं 'डू यू नो' लावणार आहोत, १९९० च्या दशकातलं. कडव्याची चाल नीट ऐकून ठेवा. ध्रुवपद आल्यावर ज्यांना तीच चाल सापडेल त्यांनी हात वर करायचा. मुलांनी आईबाबांना सांगायचं नाही. हं, लावा.