इंटरनेट मध्येच का जाते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी विद्वान वक्ते बोलवावेत अशी आपली चाल आहे. या खेपेस कार्यकारिणीने माझ्यासारख्या घरबशा बाईला उभे केले, आणि विषय दिला तोही कॉम्प्युटरचा! मी त्या विद्येतली जाणकार नाही. पण गेल्या उन्हाळ्यात या इंटरनेटपायी आमच्या घरी जे रामायण घडले, त्यातून चार गोष्टी शिकले. त्याच आपल्यापुढे ठेवते.

आमची सून अकोल्याची. इथे अमरावतीत घरी बसून ती एका कंपनीचे हिशेबाचे काम करते. एप्रिल लागला आणि तिचे इंटरनेट भर दुपारी जाऊ लागले. दोन-तीन मिनिटे जाई आणि आपणच परत येई. सकाळी काही नाही, रात्री काही नाही. दुरुस्तीवाला येई तेव्हा नेमके सारे सुरळीत. "मावशी, लाइन तं चांगली हाये," असे म्हणून तो परत जाई. तिकडे कचेरीतल्या वरिष्ठांना वाटे, ही बाई दुपारची झोप काढते आणि इंटरनेटचे निमित्त सांगते. खोटे कशाला बोलू, माझ्याही मनात एकदा तसे येऊन गेले. मग एके दिवशी तिला लेखी ताकीद आली. ती कोणाला काही बोलली नाही. पण त्या रात्री भरल्या पानावरून उठली. तेव्हा मात्र मला चैन पडेना.

सततचे दुखणे डॉक्टरला दाखवता येते. येऊन-जाऊन येणाऱ्या तापाची मात्र घरच्यांनीच नोंद ठेवावी लागते. मी एक जुनी वही घेतली आणि तीन रकाने पाडले : नेट किती वाजता गेले, त्या वेळी घरात काय चालले होते, आणि राउटरचे दिवे कसे होते. राउटर म्हणजे ती दिव्यांची लहानशी पेटी. बाहेरची लाइन तिच्यात येते आणि तिथून घरभर वाटली जाते.

पाच दिवसांत वहीने सगळे सांगितले. नेट जाई त्या प्रत्येक वेळी पेटीचे सगळेच दिवे विझून पुन्हा लागत होते. बाहेरची लाइन तुटली असती तर बाकीचे दिवे जळत राहिले असते. सगळेच विझतात, याचा अर्थ पेटीची वीजच जाते. मग कॉम्प्युटर कसा चालू राहतो? तो राहणारच, कारण तो यूपीएसवर होता आणि राउटर नव्हता! आणि मधल्या रकान्यात प्रत्येक वेळी मीच लिहून ठेवले होते : 'कूलर लावला.'

आपल्या वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. गारवा झाला की कूलर बंद, उकडले की पुन्हा सुरू, हा माझा दुपारभरचा उद्योग. कूलर आणि राउटर एकाच जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावर होते, आणि त्या बोर्डाच्या आतल्या पट्ट्या सैल झाल्या होत्या. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. त्या झटक्यात राउटर विझे, आणि जागा होऊन पुन्हा लाइन धरायला त्याला दोन-तीन मिनिटे लागत. चोर घरातच होता, आणि तो मीच होते!

इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड बदलला, कूलरला स्वतंत्र प्लग दिला आणि राउटर यूपीएसला जोडला. सुनेने वहीच्या पानांचे फोटो कचेरीत पाठवले. ताकीद मागे घेतल्याचे उत्तर आले. मनातल्या संशयाबद्दल मी तिची क्षमा मागितली. "आई, माझ्यासाठी वही घेऊन कोणी बसलं, हेच पुष्कळ झालं," एवढेच ती म्हणाली.

ही हकीकत ऐकून अकोल्याहून विहीणबाईंचा फोन आला. "ताई, आमच्याकडेही कूलर बसवल्यापासून नेट धड नाही. राउटर यूपीएसवर लावला, तरी गुण नाही." मी जाऊन पाहिले. तिथे नेट गेले तरी पेटीचे सगळे दिवे ठीक जळत होते. त्यांचा कॉम्प्युटर वाय-फायवर, आणि राउटर व कॉम्प्युटर यांच्या मध्ये पाण्याने भरलेला लोखंडी कूलर! वाय-फायच्या लहरी पत्र्याला आपटून परततात आणि पाणी त्या शोषून घेते. राउटर उंच फळीवर ठेवला, कॉम्प्युटरला सरळ वायर जोडली, आणि काम झाले. कूलर दोन्ही घरी, पण रोग निराळे. म्हणून शेजारणीचा उपाय उसना घेऊ नये. आपल्या घराची वही आपणच लिहावी.

आता शोध कसा घ्यावा ते सांगते. आधी पाहावे की नेट एकट्या कॉम्प्युटरचे जाते, की त्याच वाय-फायवरच्या मोबाइलचेही. एकट्या कॉम्प्युटरचे जात असेल तर त्याची वायर पाहावी. तिच्या टोकाची प्लॅस्टिकची खिटी मोडली की ती जागेवर बसत नाही, आणि टेबलाला धक्का लागला तरी सुटते. दुसरी वायर लावून पाहावी. मात्र एका वेळी एकच बदल करावा. भाजीत मीठ, तिखट आणि गूळ एकदमच वाढवले, तर चव कशाने बदलली ते सुगरणीलाही सांगता येणार नाही.

याहून पक्की परीक्षा म्हणजे 'पिंग'. माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली हा लहानसा प्रोग्राम लिहिला, आणि पाणबुडीच्या ध्वनियंत्रावरून त्याला नाव दिले. विहिरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनी मोजावा, तसा हा प्रकार. विंडोजच्या शोधचौकटीत 'सीएमडी' टाइप केले की काळी खिडकी उघडते. तिथे 'आयपीकॉन्फिग' लिहिले की 'डिफॉल्ट गेटवे'पुढे आपल्या राउटरचा पत्ता दिसतो. मग 'पिंग', तो पत्ता, आणि जागा सोडून आडवी रेघ व 'टी' लिहावे. अक्षरे अर्थात इंग्रजी. हाका सुरू राहतात. दुसऱ्या काळ्या खिडकीत बाहेरचा पत्ता घालावा. आठचा आकडा चारदा, मध्ये टिंबे देऊन, हा गूगलचा पत्ता पाठ करायला सोपा. नेट जाईल तेव्हा दोन्ही खिडक्या पाहाव्यात. राउटरकडूनच उत्तर येत नसेल तर दोष घरात. राउटर उत्तर देतो पण बाहेरचे येत नाही, तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा. क्वचित राउटरचाही असतो.

पुष्कळ जणी विचारतात, पान तर उघडते, मग लेकीशी व्हिडिओवर बोलतानाच का तुटते? इंटरनेटवर सारा मजकूर लहान लहान पुडक्यांनी जातो. हरवलेले पुडके पुन्हा मागवता येते, म्हणून पान थोडे उशिरा का होईना, पुरे उघडते. चालू बोलण्यात तेवढी वाट पाहता येत नाही, शब्दच गळतो.

बाहेरच्या लाइनवर फायबर असेल तर ती काचेची तार असते. ती खिळ्याभोवती घट्ट मुडपली की आतला प्रकाश बाहेर निसटतो. आपल्याकडे गच्चीवरून वानरे उड्या मारतात, तीही तार ओढतात. पेटीवर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला की प्रकाश पोचत नाही असे समजावे आणि तक्रार करावी. सुटलेले टोक डोळ्याजवळ मात्र कधी नेऊ नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढेच न म्हणता तारीख, वेळ आणि दिव्यांची स्थिती वहीतून वाचून दाखवावी, आणि तक्रारीचा क्रमांक त्याच वहीत टिपावा. लिहिलेल्या वेळा पाहिल्यावर "लाइन चांगली हाये" असे कोणी सहज म्हणत नाही.

भगिनींनो, दुधाचा आणि धोब्याचा हिशेब आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो. तीच सवय इथे उपयोगी पडली. यंत्र बिघडले की घरात आधी माणसावर ठपका येतो, आणि तो बहुधा कामावर बसलेल्या बाईवरच येतो. ठपका ठेवण्याआधी चार दिवस वही लिहावी, इतकेच माझे मागणे आहे.