पाठदुखीची जात



द्वारकेत आपण बरेच जण भाड्याच्या खोल्यांत राहून शिकतो. गावाकडून फोन येतो, "आईची पाठ दुखतेय." आपण सांगतो, "बाम लाव." मीही तेच सांगितलं. मजुरी करणाऱ्या बाईची पाठ दुखायचीच, असं डॉक्टरांनीही गृहीत धरलं. सात महिने नुसत्या दुखीच्या गोळ्या. पाय लुळे पडायला लागले तेव्हा एमआरआय झाला. मणक्याचा टीबी निघाला.

हा जंतू बहुतेकदा फुप्फुसातून रक्तावाटे मणक्यात जातो, हाड पोखरतो. पू साठला की मज्जारज्जू दाबला जातो. दुखणं हटत नसेल, सोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणं, पायांत बधिरपणा असेल, तर तपासणी मागून घ्या. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत आहेत. ती साधारण १२ महिने, कधी जास्तही चालतात, मध्येच सोडायची नाहीत. बऱ्याच जणांना ऑपरेशन लागत नाही. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४पासून आहारासाठी महिना १००० रुपये मिळतात.

टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही. फुप्फुसात नसेल तर तीही भीती नाही. तरी आम्ही आईचं ताट वेगळं केलं होतं. आम्ही! वेगळं ताट म्हणजे काय, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांनी.

आई आज चालते. घरातले पहिले पदवीधर आपण, म्हणजे रिपोर्ट वाचणारेही पहिलेच. पुढचा फोन आला की बाम सांगण्याआधी विचारा, "किती दिवसांपासून दुखतंय?"

जय भीम.