मेणकिडा : दुबळ्या पोळ्याचा वैरी

मधमाशीच्या पोळ्यांत मध आहे, मेण आहे आणि त्यांचें रक्षण करणाऱ्या हजारों नांग्याही आहेत. असें असतां एक करड्या रंगाचा क्षुद्र पतंग हें सारें वैभव धुळीस मिळवितो, ही गोष्ट प्रथमदर्शनीं खरी वाटत नाहीं.

हा मेणपतंग स्वतः कांहींच खात नाहीं. त्याची मादी रात्रीं पेटींत शिरते आणि फटींत शेंकडों अंडीं घालते. त्यांतून निघणारी अळी हाच खरा मेणकिडा. नुसत्या मेणावर तिचें पोषण नीट होत नाहीं. जुन्या, काळवंडलेल्या पोळ्यांत सांचलेले परागकण आणि माशीच्या पिलांनीं टाकलेल्या काती तिला अधिक मानवतात. पोळें पोखरतां पोखरतां ती आपल्यामागें रेशमी धाग्यांचे बोगदे विणीत जाते. त्या जाळ्यांत माश्यांचीं पिलें अडकून पडतात. सुमारें १ इंच वाढलेल्या अळ्या शेवटीं चौकटीचें लाकूड कुरतडून तेथें कोश करतात.

महाबळेश्वरच्या परिसरांत पाळल्या जाणाऱ्या सातेरी माशीस ही पीडा विशेष जाचते. युरोपांतील माशी झाडांचा डिंक आणून फटी बुजविते. सातेरीस ती संवय नाहीं. पावसाळ्यांत फुलोरा सरतो, माश्यांचें बाहेर जाणें खुंटतें, सांठविलेला मध संपतो आणि वसाहत आकसते. माश्यांनीं न झांकलेलीं पोळीं पतंगास आयतीच सांपडतात. उपद्रव हाताबाहेर गेला म्हणजे सातेरी लढत बसत नाहीं. सारी वसाहत पेटी सोडून निघून जाते. मधपाळ पेटी उघडतो, तों आंत केवळ जाळीं! तिच्याबरोबर त्याची पुढल्या हंगामाची कमाईही गेलेली असते.

यावर उपाय साधेच आहेत. फटी बुजवाव्या, पेटीचा तळ वरचेवर झाडावा, रिकामीं पोळीं काढून घ्यावीं आणि पावसाळ्यांत माश्यांना साखरेचा पाक द्यावा. काढून ठेवलेल्या पोळ्यांना गंधकाची धुरी देतात. परंतु तिनें अळ्या मरतात, अंडीं मरत नाहींत. म्हणून कांहीं दिवसांनीं ती पुन्हां द्यावी लागते. माश्या असलेल्या पेटींत मात्र ती कदापि देऊं नये.

भरल्या वसाहतींत शिरलेली अळी कामकरी माश्या स्वतःच ओढून बाहेर टाकतात. घर खिळखिळें झालें म्हणजेच चोराचें फावतें. म्हणून पेटींत जाळें दिसतांच मधपाळानें तें काढून टाकावें आणि लागलीच राणी, मधाचा सांठा व माश्यांची संख्या पाहावी. मूळ दुखणें बहुधा तेथेंच सांपडतें.