कागद कापणारे हातयंत्र आणि आपली शाळा



रसवंतीचा चरक आपण सर्वांनीच पाहिला आहे. दोन रुळांमध्ये ऊस घातला, दांडा फिरवला, की रस खाली अन् चिपाड पलीकडे. आज ज्या यंत्राविषयी बोलायचे आहे, ते या चरकाचे धाकटे भावंड समजा. यात उसाऐवजी कागद जातो आणि गोल, चौकोन, पाने, फुले कापून बाहेर येतात. वीज लागत नाही. मूठ फिरवली की झालं. छापखान्यात लग्नपत्रिकेची नक्षीदार कड कापतात, त्याला ‘पंचिंग’ म्हणतात. तेच काम हे टेबलावर करते.

आता रीत ऐका. साचा पोलादाचा असतो. त्याच्या एका अंगाला धार असते. खाली प्लास्टिकची पाटी, तिच्यावर साचा धार वर करून, धारेवर कागद, आणि वरून दुसरी पाटी. हा थर रुळांमधून सरकवायचा. पहिल्या खेपेला मी साचाच उलटा ठेवला. कागदावर नुसता ठसा उमटला! कागद अर्धवट कापला, तर थरात एक साधा कागद वाढवावा. मूठ जड लागली, तर जोर करू नये. थर मागे घेऊन कमी करावा. पाट्या वाकतात, म्हणून त्या पालटून वापराव्यात. आणि रुळांजवळ लेकरांची बोटे जाऊ देऊ नयेत.

कागद विकतच आणावा असे नाही. जुन्या लग्नपत्रिका, वह्यांची वेष्टने चालतात.

मग याचा शाळेला उपयोग काय? आपल्या मारेगाव तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. तिथले लेकरू घरी कोलामी बोलते अन् शाळेत मराठी अक्षरांपुढे येऊन बसते. फळ्यावरचे अक्षर त्याला दिसते, पण हाती लागत नाही. कागदाचे अक्षर हाती लागते.

बाजारात इंग्रजी अक्षरांचे साचे सहज मिळतात, मराठीचे शोधावे लागतात. त्यावाचून अडत नाही. मोठा गोल कापा, त्यातून लहान गोल काढा, कडे तयार. ते उभ्या पट्टीच्या डावीकडे चिकटवा, वर आडवी पट्टी द्या: झाला ‘व’. कड्याच्या पोटात तिरपी काडी घातली की ‘ब’. ‘व’च्या उजव्या अंगाला अर्धे कडे लावले की ‘क’. कडे आडव्या पट्टीखाली लहानशा देठाने टांगले की ‘ठ’. दोन गोलांत चार अक्षरे!

पण एक सांभाळा. कडी यंत्राने कापावीत, अक्षर मात्र लेकराने जुळवावे. गुरुजींनीच सारी अक्षरे तयार करून भिंतीवर लावली, तर भिंत सजेल, लेकरू कोरेच राहील. कात्रीलाही रजा देऊ नका. तान्ह्या पोळ्याचा कागदी बैल पोराने स्वतःच्या हाताने कापावा. शिंग वाकडे झाले तरी तो त्याचा बैल असतो.

एका शाळेला यंत्र परवडत नसेल, तर केंद्रातल्या शाळांनी मिळून घ्यावे आणि पाळीपाळीने वापरावे. तोवर वाटी उपडी ठेवून गोल आखा अन् कात्रीने कापा. ‘व’ त्यातूनही होतो.