निकाल लागला होता, पण कागद कुठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी कायदा शिकलेली नाही. पण साडेतीन वर्षे कोर्टाची पायरी झिजवून जे थोडे शहाणपण आले, ते आपणांपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच उभी आहे.

२०१५ साली, यजमान जाऊन वर्षही झाले नव्हते, तोच बेलिफ दारात समन्स घेऊन आला. माझ्या सासऱ्यांच्या चुलत भावाच्या नातवाने आमच्या मागल्या अंगणावर दावा लावला होता. हे अंगण आमचेच, असा निकाल सासऱ्यांच्या हयातीत झालेला. सारी आळी ते जाणत होती. वकिलांना मी तेच ठासून सांगितले. ते म्हणाले, "काकू, आळीला ठाऊक असून भागत नाही. कोर्टाला कागद लागतो."

ट्रंक उपसली. जुन्या निकालपत्राचे शेवटचे पान तेवढे हाती आले. त्यावर लिहिले होते, 'दावा खर्चासह रद्द.' कोणता दावा, कोणती जागा, कशासाठी रद्द, काही पत्ता नाही. वकिलांनी मान हलवली. वादी तारखेला आला नाही म्हणूनही दावा रद्द होतो. त्याला वादाचा निवाडा म्हणत नाहीत.

एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा उकरू नये, हा नियम आपल्याकडे फार जुना. 'मिताक्षरे'त प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक 'प्राङ्न्याय', म्हणजे याचा न्याय पूर्वीच झाला आहे, हे उत्तर. जिंकणाऱ्याला तेव्हा जयपत्र मिळे. आज हाच नियम १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ मध्ये आहे. मात्र सिद्ध करावे लागते ते असे: पक्षकार तेच किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे, वादाचा मुद्दा तोच, पहिले कोर्ट तो वाद चालवण्यास अधिकारी, आणि दोन्ही बाजू ऐकून शेवटचा निर्णय झालेला. त्यासाठी जुना दावाअर्ज, त्यावरची कैफियत, कोर्टाने काढलेले मुद्दे, निकालपत्र आणि हुकूमनामा यांच्या सहीशिक्क्याच्या नकला हव्यात. अपील झाले असेल तर त्याचा निकालही हवा.

पण नक्कल मागायची तर दाव्याचा नंबर आणि साल हवे. ते कुठून आणू? एके दिवशी तुळशीला पाणी घालताना वृंदावनावरचा आकडा दिसला, 'शके १९०९'. दावा जिंकल्यावर सासऱ्यांनी त्याच अंगणात ते बांधले होते! म्हणजे १९८७ च्या सुमाराचा निकाल. कारकुनांनी त्या सालांची रजिस्टरे चाळली, नंबर सापडला आणि नकलांचा अर्ज दिला. नकला हाती आल्या त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली.

वकिलांनी कैफियतीतच हा मुद्दा घेतला होता. तो मांडला नाही तर कोर्ट आपण होऊन शोधत बसत नाही. नातू म्हणाला, "त्या दाव्यात मी नव्हतोच." पण तो हक्क आजोबांकडूनच सांगत होता, तेव्हा आजोबांवरचा निकाल त्याच्यावरही बंधनकारक ठरला. दोन्ही दाव्यांतल्या चतुःसीमा जुळल्या. अंगणाचा दावा फेटाळला गेला. विहिरीच्या पाण्याचा प्रश्न मात्र जुन्या दाव्यात नव्हता. तो आम्ही ओटीवर बसून मिटवला. पाणी आजही दोन्ही घरे भरतात.

भगिनींनो, घरचे कागद हे पुरुषांचे काम, असे मी चाळीस वर्षे मानले. ती माझी चूक. आपल्या घरात कधी दावा झाला असेल, तर आजच यजमानांना, सासूबाईंना विचारा. दाव्याचा नंबर, साल आणि कोर्ट एका वहीत लिहून ठेवा. नकला आताच काढून घ्या, कारण कोर्ट सगळेच कागद कायमचे जपत नाही. ठराविक मुदतीनंतर काही नष्ट केले जातात.

माझ्या तुळशीने मला साल सांगितले. प्रत्येकीच्या तुळशीवर आकडा असेलच असे नाही.