मुक्या जिवांचे ऋण
(सोलापूर येथील व्याख्यानाचा सारांश)



आपल्या सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या ज्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, त्याच्याशी संलग्न के.ई.एम. रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पण त्यामागे कुत्र्यांवरील प्रयोगांची अनेक वर्षांची साधना होती. हृदय जोडावे कसे, शरीर परका अवयव का नाकारते, हे वैद्यकशास्त्र प्रामुख्याने अशाच प्रयोगांतून शिकत गेले.

महर्षी दधीचींनी अस्थी स्वेच्छेने दिल्या. या मुक्या जिवांची संमती कोणी विचारली नव्हती. म्हणूनच भूतयज्ञ हे कर्तव्य मानणाऱ्या समाजाने आग्रह धरावा, की असे प्रयोग पर्याय नसेल तेव्हाच आणि वेदना न देता व्हावेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील तरतुदींचा आशयही हाच आहे.

मात्र त्यांच्या बलिदानातून लाभलेली विद्या अवयवांअभावी अनेकदा हतबल ठरते. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानास मान्यता दिली आहे. दधीचींचा वारसा सांगणाऱ्या आपण प्रत्येकाने आज घरी जाऊन अवयवदानाची आपली इच्छा कुटुंबीयांना स्पष्ट सांगावी. हीच खरी ऋणमुक्ती!