सहाव्या क्रमांकाचे संस्थान



आमच्या शाळकरी वयात पोस्टाची तिकिटे जमविण्याचा नाद ज्यांना लागलेला असे, त्यांच्या वहीत एका देशाचे पान बहुधा असायचेच, आणि त्या देशाच्या नावाचा धड उच्चार करू शकणारा मुलगा मात्र साऱ्या वर्गात एकही नसायचा. तिकिटे मोठी देखणी. कोणावर डोंगरकड्यावरचा किल्ला, कोणावर राजघराण्यातील स्त्रीपुरुष, आणि कोरीव काम असे की भिंग लावून पाहत बसावे. ज्याला असली तिकिटे छापणे परवडते तो देश जर्मनीइतकाच बलाढ्य असला पाहिजे, असा आमचा ठाम समज होता. पुढे केव्हातरी मोठा नकाशा हाती लागला, तेव्हा स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सरहद्दीवर, ऱ्हाइन नदीच्या पूर्व काठाला, त्या देशाचे नाव स्वतःच्या मुलखात मावत नसल्यामुळे शेजाऱ्याच्या अंगावर छापलेले आढळले. लिश्टनस्टाइन हा तो देश. आज मला त्याच्याविषयी, किंबहुना त्याने बर्फावरच्या खेळांत मिळविलेल्या दहा पदकांविषयी, बोलावयाचे आहे.

या देशाचे क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर. आपल्याकडील सर्वसाधारण तालुका याच्या पाचपट तरी भरतो, आणि ज्यांना जुने संस्थानी दिवस आठवतात त्यांच्यासाठी सांगावयाचे तर औंधासारखे लहान गणले गेलेले संस्थानही याच्याहून पुष्कळच मोठे होते. औंधाचे नाव मी उगाच घेत नाही. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला त्यामुळे औंधाचे नाव त्याच्या सीमेबाहेर दूरवर पोहोचले होते, आणि छोट्या दरबाराची कीर्ती व्यायामाच्या किंवा खेळाच्या वाटेने बाहेर पडते ही गोष्ट मराठी माणसाला अपरिचित नाही. लिश्टनस्टाइनच्या राजाने, दुसऱ्या फ्रान्झ योझेफने, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासदत्व १९३६ पासून पुढे चार दशकांहून अधिक काळ सांभाळले. त्याच्या राज्याने आपली चिमुकली फौज १८६८ सालीच बरखास्त करून टाकली होती. जकातीचा कारभार १९२३ च्या तहाने स्वित्झर्लंडकडे सोपविलेला, चलन स्विस फ्रँक, आणि परदेशी रवाना होणाऱ्या मालात कृत्रिम दातांचा वाटा लक्षणीय. सार्वभौमत्वाची जी लक्षणे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पाठ केली त्यांपैकी बरीचशी येथे एकतर उसनी आढळतात, नाहीतर मुळीच आढळत नाहीत.

राष्ट्रगीताची चालसुद्धा उसनीच आहे. ती ब्रिटिशांच्या राष्ट्रगीताची चाल आहे, आणि आपल्या आधीच्या पिढीला शाळेच्या पटांगणात सक्तीने उभे राहून ती ऐकावी लागे. ध्वजाची कथा तर याहून मौजेची. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये या मंडळींनी आपला निळातांबडा झेंडा नेला, तो हैती नावाच्या दूरच्या बेटावरील देशाचा झेंडाही अगदी तसाच निघाला. एका पटांगणात दोन देश आणि झेंडा एक. परत आल्यावर, १९३७ साली, निळ्या पट्ट्यावर एक सोनेरी मुकुट चढविण्यात आला व प्रकरण मिटले. बर्लिनच्याच वर्षी, १९३६ च्या आरंभी, गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये या देशाने पहिले पाऊल टाकले होते, परंतु पुढची चाळीस वर्षे त्याच्या हाती काही लागले नाही.

आता १९८० सालाकडे येऊ. स्थळ अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातले लेक प्लॅसिड. ऑलिंपिकमध्ये कृत्रिम बर्फाचा वापर प्रथम झाला तो येथेच. स्पर्धा संपल्यावर जो पदकांचा तक्ता प्रसिद्ध झाला त्यात पहिला सोविएत संघ, दुसरा पूर्व जर्मनी, तिसरी अमेरिका, मग ऑस्ट्रिया, स्वीडन, आणि सहावे लिश्टनस्टाइन: दोन सुवर्ण, दोन रौप्य. फिनलंड, नॉर्वे, आणि ज्याच्या जकातनाक्यावर याची भिस्त तो स्वित्झर्लंड, हे सारे त्याच्या खाली. पश्चिम जर्मनीच्या वाट्याला एकही सुवर्ण नाही, आणि फ्रान्स एका कांस्यपदकावर समाधान मानून घरी गेलेला. लिश्टनस्टाइनची लोकसंख्या त्या वेळी पंचवीस हजारांच्या आसपास होती.

एवढे सांगितले की हिशेबी माणूस लगेच पेन्सिल काढतो. पंचवीस हजारांत चार पदके, तर त्याच प्रमाणात अमेरिकेला किती मिळावयास हवी होती? उत्तर छत्तीस हजारांच्या घरात जाते, आणि लेक प्लॅसिडला एकंदर स्पर्धाच अडतीस होत्या. त्रैराशिक बरोबर असूनही त्यातून निष्पन्न होते ते हास्यच. लहान राष्ट्रांच्या कौतुकात हे त्रैराशिक नेहमी डोके वर काढते, आणि मला ते नेहमीच थोडे उपमर्दाचे वाटत आले आहे. पंचवीस हजार माणसे उतारावरून धावत नाहीत, धावते एकच माणूस. फुटबॉलसाठी अकरा जण लागतात, आणि ते एका खेड्यातून उभे करणे कठीण. परंतु बर्फाच्या कड्यावरून पायांना लांब पट्ट्या बांधून खाली येणाऱ्यास सोबत कोणाचीच नसते, आणि मागे कितीही कोटींचा देश उभा असला तरी त्याचा त्या क्षणी काडीचा उपयोग नसतो.

यातील स्लालम नावाचा प्रकार थोडा समजावून घेण्याजोगा आहे. उतारावर जागोजागी खांब रोवून अरुंद दारे केलेली असतात, आणि खेळाडूने डावीउजवीकडे झपाझप वळत प्रत्येक दारातून पार व्हावयाचे असते. एक दार चुकले की स्पर्धक बाद, मग तो कितीही वेगाने खाली येवो. दोन फेऱ्या होतात, दुसऱ्या फेरीस दारांची मांडणी बदलतात, आणि दोन्ही वेळांची बेरीज करून निकाल लावतात. जायंट स्लालममध्ये हीच दारे दूरदूर असतात व वेग वाढतो. डाउनहिलमध्ये वळणे थोडी आणि वेग छाती दडपून टाकणारा. वेग आणि तोल या दोन सवतींना एका घरात नांदवावयाचे असते, असे म्हटले तरी चालेल. सेकंदाच्या शंभराव्या भागावर पदके इकडची तिकडे होतात. कोकणातल्या खाडीकाठच्या पोराला पोहावयास कधी शिकविले असे कोणी सांगू शकत नाही. तद्वत लिश्टनस्टाइनच्या पूर्वेकडील डोंगरात, १६०० मीटर उंचीवरच्या माल्बुनसारख्या गावच्या उतारावर, तेथील मुले केव्हा उभी राहिली याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

लेक प्लॅसिडच्या त्या चार पदकांपैकी तीन हान्नी वेन्झेल नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीची होती. डाउनहिलमध्ये ऑस्ट्रियाच्या आनेमारी मोझर-प्र्योलच्या मागे राहून तिने रौप्य घेतले, आणि त्यानंतर जायंट स्लालम व स्लालम या दोहोंत सुवर्ण. स्लालममध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला तिने सेकंदाहून अधिक मागे टाकले, आणि या खेळात एक सेकंद म्हणजे आपल्या शर्यतीतले निम्मे मैदान समजावे. चौथे पदक तिच्या धाकट्या भावाचे, आंद्रेआसचे. जायंट स्लालमच्या पहिल्या फेरीअखेर तो सर्वांच्या पुढे होता. दुसऱ्या फेरीत स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क, जो असल्या प्रसंगी हमखास उठून बसत असे, तिसऱ्या स्थानावरून वर आला आणि आंद्रेआसला रौप्यावर थांबावे लागले. त्याच हिवाळ्यात विश्वचषकाचे सर्वंकष विजेतेपद स्त्रियांत बहिणीने व पुरुषांत भावाने पटकाविले. पेट्रा नावाची त्यांची धाकटी बहीणही त्या ऑलिंपिकमध्ये उतरली होती.

येथे ‘राष्ट्रीय संघ’ या शब्दाचा अर्थ जरा निराळा करावा लागतो. १९७६ ते २०१८ या काळात लिश्टनस्टाइनने हिवाळी ऑलिंपिकमध्ये दहा पदके मिळविली, ती सगळी डोंगरउतारावरील स्कीइंगची. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये त्याला आजवर एकही पदक मिळालेले नाही. या दहांपैकी हान्नीची चार, आंद्रेआसची दोन. विली फ्रोमेल्टने १९७६ साली इन्सब्रुकला, आणि त्याचा भाऊ पॉल याने १९८८ साली कॅलगरीला, दोघांनीही स्लालममध्येच, एकेक कांस्य मिळविले. कॅलगरीनंतर तीस वर्षे हा हिशेब तसाच राहिला. त्या काळात मार्को ब्युखेलसारखा गुणी खेळाडू सहा ऑलिंपिक खेळला, १९९९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यविजेता ठरला, परंतु ऑलिंपिकचे पदक त्याच्या नशिबी नव्हते. ते आले २०१८ साली प्योंगचांग येथे टीना वायराथेरच्या हाती. ही टीना हान्नीची मुलगी. तिचा बाप हार्टी वायराथेर हा ऑस्ट्रियाचा, १९८२ चा डाउनहिलमधील जागतिक विजेता. टीनाची २०१० ची ऑलिंपिक गुडघ्याच्या दुखापतीत गेली. २०१४ साली सोची येथे देशाचा मुकुटधारी झेंडा तिच्या हाती होता, उद्घाटनाच्या मिरवणुकीत तो तिने मिरविला, आणि नंतर सरावातच पडून ती एकही शर्यत न करता परतली. प्योंगचांगला सुपर-जी नावाच्या प्रकारात सुवर्ण आणि रौप्य यांत सेकंदाच्या एक शतांशाचे अंतर होते, आणि टीना पहिलीपासून अकरा शतांश मागे. म्हणजे दहांतली सात पदके वेन्झेलांच्या घरातली, दोन फ्रोमेल्टांच्या. आपल्याकडे गाण्यात घराणी असतात, तशी ही बर्फावरची घराणी म्हणावयास हरकत नाही. आणि देश एवढा लहान की घराणे संपून राष्ट्र कोठे सुरू होते हे सांगणे अवघड.

परंतु या कौटुंबिक चित्रात एक बाब अशी आहे की तिच्यापुढे मी बराच वेळ थबकलो. हान्नीचा जन्म लिश्टनस्टाइनचा नव्हे, जर्मनीतील बव्हेरियाचा. ती वर्षाची असताना तिचे आईबाप या देशात येऊन राहिले. मुलगी येथे वाढली, या देशाच्या वतीने शर्यतीत उतरली, १९७४ साली सेंट मोरिट्झ येथे स्लालमची जागतिक विजेती ठरली, आणि तिला नागरिकत्वाचा दाखला मिळाला तो त्यानंतर. नागरिक व्हावे आणि मग देशासाठी जिंकावे हा सर्वत्रचा रिवाज. येथे तो उलटा झाला. त्याबद्दल मी त्या सरकारला दोष देत नाही. लहान घराने पाहुण्याला दारात जरा जास्त वेळ उभे करणे समजण्यासारखे आहे.

समजण्यास कठीण जाते ते पुढचे. दाखला मिळाला, पण मताचा अधिकार त्याबरोबर आला नाही. तो तिला नव्हता तसा त्या देशातील एकाही स्त्रीला राष्ट्रीय निवडणुकीत नव्हता. हा प्रश्न १९७१ साली मतदारांपुढे आला होता आणि १९७३ साली पुन्हा आला होता. मतदार सगळे पुरुष, आणि दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला. फाडुट्स या राजधानीच्या गावाने स्थानिक कारभारापुरता हा हक्क स्त्रियांना १९७६ साली दिला, म्हणजे हान्नीने देशाचे पहिले ऑलिंपिक पदक आणले त्याच वर्षी. चार वर्षांनी लेक प्लॅसिडला तिच्यासाठी दोनदा ते उसन्या चालीचे राष्ट्रगीत वाजले, मुकुटाचा झेंडा दोनदा सर्वांत उंच चढला, आणि ज्या राज्याचा तो झेंडा होता त्याच्या विधिमंडळात कोणी बसावे हे सांगण्याची मुभा तिला नव्हती. देशाचे नाव जगाला ऐकविणाऱ्या माणसाचे नाव देशाच्या मतदारयादीत नसावे, ही गोष्ट पदकांच्या तक्त्यात कोठे नोंदवावयाची?

१९८४ साली साराजेव्होला हान्नीला उतरताच आले नाही. जाहिरातीचे पैसे आपल्या क्रीडासंघटनेमार्फत न घेता थेट स्वीकारले, म्हणून ती हौशी खेळाडू राहिली नाही, असा ठपका ठेवून तिला आणि स्टेनमार्कलाही बाहेर ठेवण्यात आले. हौशीपणाचे ते नियम पुढे कालबाह्य झाले. त्यांच्याविषयी आज अधिक बोलण्यात स्वारस्य नाही. आंद्रेआसने मात्र तेथे जायंट स्लालमचे कांस्य घेतले.

दहा पदकांपैकी नऊंचा हिशेब मी दोन घरांत वाटून दिला. दहावे राहिले आहे. ते त्याच साराजेव्होचे, फेब्रुवारी १९८४ चे, स्लालममधील कांस्य, आणि ते मिळविले उर्सुला कोन्झेट हिने. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १ जुलै रोजी, स्त्रियांना मताधिकार द्यावा की नाही हा प्रश्न लिश्टनस्टाइनमध्ये पुन्हा मतास टाकण्यात आला. उर्सुलाला त्या मतदानात भाग घेता आला नाही, कारण मतदान पुरुषांचेच होते. बाजूने २,३७० मते पडली, विरुद्ध २,२५१.